गाडीतली बाई

गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती. भोंग्यातून तिच्या आवाजाने जेमतेम ‘नागरिकहो’ म्हटलं होतं, तोच फाटकालगतच्या टपरीतल्या चहावाल्या बाईने उतू जाणारं दूध तसंच सोडलं, मोठा कॅन उचलला आणि नळाखाली लावला. पाणीखात्याच्या वरच्या मजल्यावरून, तक्रारींच्या टेबलामागच्या खिडकीतून, तिने ते पाहिलं आणि हातातला फोन कानापासून दूर धरला. आवाज तिचाच होता, मघाशी रेकॉर्ड केलेला. ‘आज नळाला आलेलं पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, भरून ठेवू नका.’ धो धो पावसातही शब्द बाळाच्या टाळूवर तेल टपटप पडावं तसे पडत होते. चहावालीला ते ऐकू येत नव्हते असं नाही. ती ऐकतच नव्हती. आवाज आला म्हणजे पाणी आलं, एवढं तिच्या हातांना माहीत होतं आणि हात कानांच्या पुढे धावत होते. तिने खिडकीतून हात हलवला, ‘नको, नको’ असा. चहावालीने मान वर करून पाहिलं, ओळखीचं हसली आणि उलट हात हलवला. आलं हो, आलं पाणी!

आभाळ फाटलं होतं आणि नळ कोरडे होते, अशी त्या वर्षीची गत होती. धरण डोंगरांपलीकडे, आणि ढग डोंगर ओलांडायच्या आधीच शहरावर रिते होत होते. रस्त्यांच्या नद्या झाल्या, तळमजल्यांतली गाद्या-कपाटं गच्च्यांवर चढली, आणि तिकडे धरणाच्या तळाला पडलेल्या भेगा तशाच. पाणी दिवसाआड, मग दोन दिवसांनी, आणि वेळेचा भरवसा नाही. म्हणून पाणी सोडलं की भोंग्याची गाडी फिरवायची. लोक तिला फोनवर काय काय बोलत. एका आजोबांनी विचारलं होतं, "बाई, तुमच्या ऑफिसला खिडकी आहे का? मग जरा बाहेर बघता का?" एक बाई म्हणाली होती, "गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलतेय मी तुमच्याशी, आणि पोरांची तोंडं धुवायला पाणी नाही. हसू का रडू?" ती त्यांना तेच ते समजावून सांगायची. पाऊस शहरावर पडतोय, धरणावर नाही. सांगता सांगता कधीकधी तिलाच ते वाक्य खोटं वाटायला लागायचं, एखादा शब्द सारखा म्हटला की त्यातला अर्थ निघून जातो तसं.

आज सकाळी मोठे साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन आले तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं की काहीतरी झालंय. नाल्याकाठचं कीटकनाशकाचं गोदाम रात्रीपासून पाण्यात होतं. पोतीच्या पोती विरघळली होती. आणि मुख्य पाइप त्याच गोदामाच्या भिंतीखालून जात होता, जुना, जागोजाग पाझरणारा. "पाइप भरलेला असता तर भीती नव्हती," साहेब म्हणाले, "आतून जोर असला की बाहेरचं आत येत नाही. पण दोन दिवस पाइप रिकामा. रिकामा पाइप ओढून घेतो, स्ट्रॉने ओढावं तसा." आवकजावकच्या बाईंनी विचारलं, "मग पाणी सोडूच नका ना!" सोडून झालं होतं. पाणी सोडणारा वेळेवर गेला होता, व्हॉल्व्हचं चाक फिरवून आला होता, आणि आता त्या चाकावर माणूस बुडेल इतकं पाणी होतं. वरची टाकी रिकामी होईपर्यंत नळ वाहणार. विष आत गेलंय की नाही, हे तपासणीचा निकाल उद्या आल्याशिवाय कळणार नव्हतं. "उकळून?" कुणीतरी म्हणालं. "पावडर काय, जंतू आहे का उकळून मरायला?" असं म्हणून साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही चला. तोच आवाज हवा. लोकांचा विश्वास बसलाय त्यावर. आणि घबराट नको, हं? शांतपणे." तिला बरं वाटलं होतं. आता खिडकीशी उभं राहून तिला ते बरं वाटणंच आठवत होतं, आणि गाल गरम होत होते.

तो आवाज मुळात शहरासाठी नव्हताच. गेल्या उन्हाळ्यात ती बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतली होती. स्टेशनरीच्या खोलीत, फायलींच्या मांडण्यांमध्ये तिला उभं केलं, कारण तिथे आवाज घुमत नाही म्हणे, आणि हातात कागद दिला. ब्लाऊज दुधाने भिजला होता, पदर आवळून तिने तो झाकला होता, आणि कागदावरचं वाचता वाचता तिच्या डोळ्यांसमोर गुंडी होती. तिची गुंडी, जन्मली तेव्हा शर्टाच्या बटणाएवढं नाक असलेली, रात्र रात्र न झोपणारी. तिला झोपवायचा जो आवाज होता, तोच त्या दिवशी आपसूक लागला. नळाखाली भांडी लावा, पाणी जपून वापरा, असं नाही तर जणू नीज आता, नीज. भोंगेकाका गाडी चालवायचे आणि सांगायचे, "ताई, तुमचा आवाज लावला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात."

आणि गुंडी. गुंडी आता चालायला लागली होती, चार शब्द बोलायला लागली होती, त्यातला एक ‘आईगाडी’. गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला की ती खिडकीचे गज धरून नाचायची. आणि सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या. बस, एवढंच. वर्तमानपत्र त्या वाचत नसत, शेजारपाजाऱ्यांशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. "सून बोलली की पाणी येतं," असं त्या कुणालाही सांगायच्या, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिला कधीच कळलं नव्हतं. कारण त्याच सासूबाई असंही म्हणायच्या, "गावाला सांगतेस पाणी जपा म्हणून, आणि स्वतः नळ सोडून भांडी घासतेस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" ती नळ बंद करायची. नवरा नदीपलीकडच्या कारखान्यात अडकला होता, पूल बंद होता. वीज कालपासून नव्हती, घरातला फोन केव्हाच मेला होता. आपला आवाज आता फाटकाबाहेर पडेल, दोन चौक ओलांडेल, गल्लीच्या तोंडाशी पोचेल. गुंडी नाचेल. सासूबाई नळ सोडतील. आपणच आपल्या पोरीला ते पाणी पाजणार. इतका सरळ विचार होता तो, की त्याच्या पुढे दुसरा विचार येईचना.

ती जिना कसा उतरली, हे तिला नंतर आठवलं नाही. चप्पल एका पायात होती. टपरीशी पोचली तेव्हा कॅन भरत आला होता, आणि तिने तो दोन्ही हातांनी ढकलून आडवा केला.

"अगं ए! डोकं फिरलंय का तुझं?"

"मावशी, पिऊ नका ते. विष गेलंय पाइपात. चहालासुद्धा घेऊ नका."

"मग तसं सांगायचं की!"

"सांगतेय ना! भोंग्यातून मीच सांगतेय, मघापासून!"

चहावाली क्षणभर फाटकाकडे पाहत राहिली. भोंगा अजून बोलत होता, पावसात, शांतपणे. तिने पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं असावं. मग म्हणाली, "बाई गं, तो आवाज तर पाणी आलं म्हणून असतो. त्यातले शब्द कोण ऐकतंय?"

फाटकाबाहेर वळणावर तिने गाडी गाठली आणि आत चढता चढताच भोंगेकाकांना रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं. ते म्हणाले साहेबांचा हुकूम आहे. ती म्हणाली मागे बघा. त्यांनी आरशात पाहिलं. गाडी जिथून जिथून गेली होती तिथल्या दारांत बादल्या आल्या होत्या, एक म्हातारा डोक्यावर परात धरून दुसऱ्या हाताने पिंप ओढत होता. भोंगेकाकांचा चेहरा उतरला. "आता?" "आता तुम्ही बोला. माझा आवाज नको." माइक तोंडाशी धरून ते खाकरले. आयुष्यभर भोंगा वाहिलेल्या त्या माणसाला आपण कधी त्यात बोलू असं वाटलं नसावं. "ऐका हो ऐका," ते घोगऱ्या आवाजात ओरडले, "पाणी कुणी," आणि वरच्या एका खिडकीतून लगेच उत्तर आलं, "भंगार काही नाही आज, पुढे व्हा!" एरवी ती पोट धरून हसली असती. भोंगेकाकांनी माइक तिच्या मांडीवर ठेवला. "ताई, मला नाही ऐकत कुणी."

तिने माइक घेतला. तोंड उघडलं, आणि आला तो तोच. गोल, मऊ, घाई नसलेला. ‘पाणी पिऊ नका.’ समोरच्या दारातली बाई लगबगीने आत वळली, बादलीसाठी. तिने पुन्हा प्रयत्न केला, गळा ताणला, मोठ्याने बोलली, आणि आवाज फक्त मोठा झाला, बदलला नाही. ओरडायचं कसं, हे तिला येत नव्हतं. लहानपणी तिचे वडील छापखान्यात रात्रपाळीला असत आणि दिवसभर आतल्या खोलीत झोपत. घर म्हणजे एक भलामोठा श्वास, तो मोडायचा नाही. चमचा पडला तरी तिची आई ओठांवर बोट ठेवायची. भावंडं भांडायची तीही कुजबुजत, चिमटे काढून. एकदा तिचं बोट दारात चेमटलं होतं, नख काळंनिळं झालं होतं, आणि ती फ्रॉकचा काठ दातांत धरून अंगणात जाऊन रडली होती. पुढे मग तेच वळण पडलं. शाळेत बाई म्हणायच्या, किती गुणी मुलगी, आवाज नाही. गुंडीच्या वेळी प्रसूतीच्या टेबलावर नर्स चक्क वैतागली होती, "ओरडा की हो बाई, इथे कुणी झोपलेलं नाही!" तरी तिने उशीचा अभ्रा चावला होता. आणि आता सगळ्या शहरात तेवढी एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिच्याकडे नव्हती. काचेवरचा पुसणारा दांडा इकडून तिकडे जात होता आणि पुसलेलं लगेच भरून येत होतं. "काका, आधी माझ्या गल्लीत घ्या," ती म्हणाली. तेसुद्धा हळूच.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे पाणी चाकांच्या वर होतं, त्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची संथ गिरक्या घेत होती. तिने दार उघडून वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची खिडकी, गज, गजांमध्ये गुंडीचे दोन हात. गाडी दिसली होती. गुंडी नाचत होती, तोंड उघडंमिटं होत होतं, ‘आईगाडी, आईगाडी’. पावसात ऐकू येत नव्हतं पण दिसत होतं. आणि तिच्यामागून सासूबाई आल्या. एका हातात स्टीलचा पेला. पेला अर्ध्याहून कमी भरलेला, त्या जरा वाकल्या तेव्हा दिसला. दुसऱ्या हाताने त्यांनी गुंडीची हनुवटी धरली, रोज दूध पाजताना धरतात तशी.

माइक तोंडाशी होताच. "आई!" भोंगा किंचाळला. "ओता ते! ओता म्हणते ना! काही देऊ नका तिला, कानात काय बोळे घातलेत का तुमच्या? टाका तो पेला! टाका!"

गल्लीत हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिनेही नाही. कुठल्यातरी भलत्याच बाईचा आवाज होता तो, भाजीबाजारातल्या भांडणातला, फाटका, कडेला थुंकी असलेला. खिडक्याखिडक्यांत डोकी आली. सासूबाईंच्या हातातून पेला सुटला की त्यांनी टाकला, कळलं नाही; तो गजांवर आपटून खाली पाण्यात पडला. गुंडीने नाचणं थांबवून भोकाड पसरलं. "अहो, काय झालं?" तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं, तेव्हा ती त्याच आवाजात त्याच्यावरच ओरडली, "विष आहे पाण्यात! काय झालं काय विचारता, पिंप उपडं करा आधी!" आणि शिंप्याने केलं. शेजारच्या जिन्यावर कुणीतरी बादली ओतली, मग आणखी एकीने. गल्लीभर पाण्यात पाणी ओतलं जात होतं.

ती मांडीभर पाण्यातून गेली, जिना चढली. दार उघडंच होतं. गुंडी कोपऱ्यात हुंदके देत होती आणि तिला पाहून जवळ येण्याऐवजी कपाटामागे सरकली. तिने मागे जाऊन तिला ओढून घेतलं, तोंड उघडायला लावलं, वास घेतला, ओठ पुसले. पेला अर्धा होता. तिने पाहिलं होतं, अर्धाही नव्हता.

"प्यायली का ही? आई, प्यायली का?"

"नाही."

"खरं सांगा. पेला भरलेला नव्हता. कुणी प्यालं त्यातलं?"

सासूबाईंनी पदराने हात कोरडे केले, उगाचच. "मी," त्या म्हणाल्या. "आधी मीच पिते. रोज. नळाचा पहिला पेला माझा. मग घटकाभर बसते, काही होतंय का बघते. मग पोरीला."

"रोज?"

"ही झाल्यापासून. पाणी दोन-दोन दिवसांनी येतं, कुठून कुठून येतं, कुणी सांगावं? तुझ्यावर विश्वास आहे गं. पाण्यावर नाही." आणि मग, तिच्याकडे न बघता, "आज भोंग्याआधीच नळाला धार लागली होती. घटकाभर बसले, काही झालं नाही."

या बाईबरोबर ती एका घरात राहत होती, एका चुलीचं खात होती, आणि हे तिच्या मागे रोज चाललेलं होतं. तिने गुंडीला काखोटीला मारलं, सासूबाईंचा दंड धरला. "चला. दवाखान्यात." "अगं, मला काही होत नाहीये. कपडे तरी बदलू दे. शेजारची काय म्हणेल, सून हाताला धरून नेतेय." "म्हणू दे." जिन्यात शिंपी आला. त्याने सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि पाण्यातून गाडीपर्यंत नेलं. सासूबाई त्याच्या पाठीवर डोळे मिटून, शरमेने मेल्यासारख्या बसल्या होत्या.

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधे सगळ्या गल्ल्या. भोंगेकाकांनी गाडी वळवली आणि तिने माइक घेतला, पण घशातून आता फक्त हवा निघाली. मघाचा आवाज गेला होता आणि रोजचाही. तिने पुन्हा तोंड उघडलं, खरखर झाली. बाहेर एका ओट्यावर दोन मुली कळशी भरत होत्या. तिने काचेवर थापा मारल्या. मुली हसून बघत राहिल्या, एकीने ओंजळ भरून तोंडाशी नेली. तेव्हा पुढच्या सीटवरून सासूबाईंनी हात मागे केला. "दे इकडे तो खुंटा." माइक उलटा धरला होता, भोंगेकाकांनी सरळ करून दिला.

"ए पोरींनो," भोंग्यातून सासूबाई म्हणाल्या. घासलेला, म्हातारा, जरा रागावलेला आवाज. "ते पाणी मी प्यालेय. दवाखान्यात चाललेय मी आता. तुम्ही पिऊ नका."

मुलीच्या हातातली ओंजळ सुटली. कळशी आडवी झाली. आतून त्यांची आई धावत बाहेर आली, तिने गाडीकडे पाहिलं, काचेमागच्या म्हातारीकडे पाहिलं आणि दोघींना ओढून आत नेलं.

पुढच्या गल्लीत त्यांनी तेच सांगितलं, थोडं वाढवून. त्यापुढे नातीचंही सांगितलं, सुनेचंही. "माझी सून पाणीखात्यात आहे, ती उगाच नाही सांगत." दारं उघडत होती, माणसं पायऱ्यांवर येऊन ऐकत होती, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मग पिंपं उपडी करत होती. ती मागच्या सीटवर गुंडीला कुशीत घेऊन बसली होती. हात पुढे करून तिने सासूबाईंच्या मनगटावर बोटं ठेवली होती. नाडी लागत होती; पण जोराची की मंद, हे तिला कशाशी तुलना करून ठरवायचं ते कळत नव्हतं, कारण ते मनगट तिने आयुष्यात कधी धरलंच नव्हतं. हात गार होता. पावसाने असेल. ओठांच्या कडेला पांढुरकं काहीतरी होतं. बोलून बोलून सुकलं असेल. गुंडीने रडणं थांबवलं होतं आणि ती आजीच्या तोंडाशी धरलेल्या त्या काळ्या वस्तूकडे टक लावून पाहत होती.

बाजारपेठ संपली, मोठा रस्ता लागला. इथे घरं नव्हती, सांगायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी माइक मांडीवर ठेवला आणि डोकं मागे टेकलं. मग तिच्या बाजूला मान कलती करून, भोंगेकाकांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "मळमळतंय गं. गाडीने असेल, नाही?"

तिचा घसा सोलवटला होता. तरी तिने तो आवाज शोधला, कुठूनतरी खालून, चिंध्या गोळा कराव्यात तसा गोळा केला. गोल, मऊ, घाई नसलेला.

"हो आई," ती म्हणाली, "गाडीनेच." आणि त्यांच्या मनगटावरची बोटं न काढता, दुसऱ्या हाताने तिने भोंगेकाकांच्या खांद्यावर जोराने थाप मारली. गाडी आणखी जोरात घ्या, म्हणून.